आरोग्याचा तास मागून घे

वणी, ता. दिंडोरी, जि. नाशिक

चि. ताईस,


परवा जाता जाता तू विचारलंस, "आजी, आरोग्याचा पेपर बोर्डाला नाही, मग तो विषय असतो तरी कशाला?" तुझं घर दोन दारं सोडून तर आहे, उत्तर तोंडी देता आलं असतं. पण लिहिलेलं असलं की वर्गातल्या मुलींना दाखवता येतं, आणि मुलांनाही. मुलांनी हे वाचावं असं मला फार वाटतं.

आधी नियमाचं सांगते. आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमात आरोग्य आणि शारीरिक शिक्षण पहिलीपासून आहे. नववी-दहावीला तो श्रेणी विषय. बोर्ड त्याची प्रश्नपत्रिका काढत नाही, शाळा मूल्यमापन करते आणि गुणपत्रिकेवर श्रेणी येते. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर हा विषय दहावीपर्यंत सक्तीचा असावा असंच म्हटलं. म्हणजे तो फावल्या वेळचा विषय नाही, वेळापत्रकात त्याची तासिका छापलेली असते. पुढे त्या तासिकेचं काय होतं ते तू रोज बघतेसच. गणिताचा भाग मागे पडला की पहिली गदा तिच्यावर येते. नाहीतर हजेरी घेऊन मुलांना मैदानावर सोडतात. खेळ हवाच, तुमच्या वयात तर हवाच हवा. पण नुसत्या चेंडूवर आरोग्याचं शिक्षण पुरं होत नाही.

मी आरोग्यसेविका होते हे तुला माहीत आहे. लसीकरण, बाळंतपणं, शाळातपासणी यांसाठी पाड्यापाड्यांवर फिरले. त्या सगळ्या वर्षांतून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. ज्या गोष्टी माहीत नसल्याने घरं उद्ध्वस्त झाली, त्यातल्या कितीतरी शाळेच्या एका तासात शिकवता येण्यासारख्या होत्या. त्यासाठी मोठा डॉक्टर लागत नाही की यंत्र लागत नाही. फळा, खडू आणि न लाजता बोलणारा शिक्षक एवढं पुरतं.

मण्यार सापाचंच घे. पावसाळ्यात आपल्या भागात कुणाला तरी पान लागल्याची बातमी येतेच. पाड्यावरचं घर कुडाचं, जमीन सारवलेली, पोरं गोधडी टाकून खाली झोपतात. मण्यार रात्री फिरते. तिचे दात इतके बारीक की बऱ्याचदा खूण दिसत नाही आणि दुखणंही फारसं नसतं. पहाटे पोर उठतं ते पोट दुखतंय म्हणून. घरचे म्हणतात, रात्रीचं काही बाधलं असेल. ओवा देतात. मग पापण्या जड होतात, घोट गिळवत नाही, बोलणं अडखळायला लागतं. तोवर भगताला बोलावणं गेलेलं असतं. श्वास अडकायला लागला की धावाधाव सुरू होते, आणि जीव वाचवणारे तास तोपर्यंत निघून गेलेले असतात.

आता समज, त्या घरातली सहावीतली मुलगी हे शाळेत शिकून आली आहे. जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीने उठलं आणि डोळे उघडवेनासे झाले, तर खूण दिसो न दिसो, मण्यारीचा संशय धरून दवाखाना गाठायचा. जागा कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने आवळायची नाही. हात किंवा पाय मोडल्यावर जसा फळीला बांधतात तसा बांधायचा, रोग्याला चालवायचं नाही, १०८ला फोन करायचा. साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवायचा नाही, कारण दवाखान्यातलं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालतं. आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या तर मण्यार मुळात आत येत नाही. एवढं सांगायला अर्धा तास लागतो. मी स्वतः वर्गांत सांगितलं आहे, म्हणून खात्रीने लिहिते. मुलं डोळे विस्फारून ऐकतात आणि घरी जाऊन आज्याला, बापाला जसंच्या तसं सांगतात. मोठ्यांच्या सभेत तेच सांगितलं तर निम्मे उठून जातात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर कोकणातल्या छोट्या दवाखान्यांत बसून संशोधन केलं, त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांचं नाव तुमच्या वर्गात किती जणांना माहीत आहे, विचारून बघ.

आता तुमच्या मळ्याकडे ये. दिंडोरीची द्राक्षं परदेशात जातात याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण त्या बागेत काय काय फवारलं जातं, कुणाच्या हातून, आणि त्या हातांना काय होतं, हे शाळेत कुणी शिकवत नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावतात. हायड्रोजन सायनामाइड त्यात असतं. सुरगाणा-पेठकडून आलेल्या टोळीतल्या बाया-माणसं काडीकाडीला ते फडक्याने लावत जातात. हातमोजे असतात, नसतात. कातडी भाजल्यासारखी होते. दुसरी गोष्ट त्याहून धोक्याची. हे औषध अंगात गेलेल्या माणसाने त्या दिवसांत दारू घेतली, तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, दम लागतो. शरीराला दारू पचवताना जी पायरी लागते तीच हे औषध अडवतं. दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी घोटभर घेतो आणि तडफडायला लागतो. बायकोला वाटतं, दारूत काही मिसळलं होतं. दवाखान्यात ‘बागेत पेस्ट लावत होतो’ हे कुणी सांगतच नाही, कारण त्याचा याच्याशी संबंध आहे हेच ठाऊक नसतं. तुझ्या वर्गात त्या टोळ्यांमधल्या घरांची मुलं आहेत आणि बागायतदारांचीही आहेत. हे दोघांनाही कळायला हवं.

उद्या मळ्यात गेलीस की औषधाची बाटली हातात न घेता, लांबूनच तिच्यावरची खूण बघ. कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल सगळ्यात जहाल, त्यावर कवटीही असते. त्या खालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे पिण्याजोगं नव्हे, बाकीच्यांपेक्षा कमी विषारी एवढंच. अक्षर न येणाऱ्या माणसालाही धोका कळावा म्हणून ही खूण कायद्याने छापलेली असते. आमच्या फिरतीत ती खूण ओळखणारी माणसं फार थोडी भेटली. २०१७ साली यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. त्या वर्षी राज्यातल्या प्रत्येक सहावीच्या वर्गात हे चार रंग फळ्यावर काढायला हवे होते, असं मला अजून वाटतं.

निळ्या गोळीबद्दल तू कुरकुर करतेस हे मला तुझ्या आईने सांगितलं. ऐक. आठवड्यातून एकदा शाळेत मिळणारी ती गोळी लोहाची आणि फोलिक आम्लाची असते. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी निळी, धाकट्यांसाठी गुलाबी. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय निघाला. तुझ्या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. गडाच्या पायऱ्या चढताना दम लागतो, वाचलेलं लक्षात राहत नाही, सकाळी उठवत नाही, आणि घरचे म्हणतात पोरगी आळशी झाली. मुली ती गोळी खिडकीतून टाकतात हे मी पाहिलं आहे. त्यांना मी कधी रागावले नाही, कारण कुणी त्यांना आधी सांगितलेलंच नसतं की पोटभर जेवून घेतली तर मळमळ कमी होते, शौच काळी झाली तर घाबरायचं कारण नाही, गोळीच्या आगेमागे चहा घेऊ नये आणि लिंबू पिळलेलं खाल्लं तर लोह अंगी लागतं. नागलीची भाकरी आणि पावसाळी रानभाज्या आपल्या घरात आहेतच, त्यांना कमी समजू नकोस. दिलेली गोळी आणि न सांगितलेलं कारण, यातून कार्यक्रम कागदावर पूर्ण होतो आणि मुलीचं रक्त होतं तेवढंच राहतं.

रक्ताचाच आणखी एक विषय. तुमच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेच्या धड्यात सिकलसेल ॲनिमिया आहे. तू तो परीक्षेसाठी पाठ करशील. पण हा आजार पुस्तकातला नाही, नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातला आहे, कदाचित तुझ्याच बाकावरचा आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. वाहक माणूस अगदी धडधाकट असतो, म्हणून त्याला पत्ताच नसतो. बोटाच्या टोकाच्या रक्तावर पहिली चाचणी होते, मग पक्की तपासणी करतात. २०२३च्या जुलैत देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, त्यात तुमच्या वयाची मुलं येतात. लग्न ठरवताना पत्रिका बघणाऱ्यांनी या तपासणीचा कागद बघावा, एवढं जरी आजच्या नववीच्या मुलांच्या मनात राहिलं तरी दहा वर्षांनी किती लेकरांचे हाल वाचतील! आणि हे कळल्यावर कुणाला वेगळं बसवायचं नाही, हेही त्याच तासात शिकवायचं. तो संसर्ग नाही.

आता ज्या धड्याला शिक्षक "घरी वाचून या" म्हणतात त्याविषयी. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मासिक पाळीचं चक्र आहे, गर्भधारणा आहे, सरोगसीसुद्धा आहे. सगळं नीट, स्पष्ट छापलेलं. मी एका शाळेत गेले होते तेव्हा त्या पानांवर मुलींनी पुस्तकाचं कव्हर दुमडून लावलं होतं. शिकवणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होत असेल तर मुली काय करणार? आणि याला इतिहासही आहे. २००५ साली केंद्राने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला. २००७ साली आपल्या विधिमंडळात त्यावर गदारोळ झाला आणि राज्यात तो थांबवला गेला. संस्कृती बिघडेल असं तेव्हा सांगितलं गेलं. माझ्या कामाने मला उलट शिकवलं. न सांगितल्याने मुली बिघडत नाहीत की सुधारत नाहीत, त्या घाबरतात. पहिली पाळी आली तेव्हा आपल्याला काहीतरी मोठा आजार झाला असं समजून दिवसभर शाळेच्या मागे रडत बसलेली मुलगी मी उठवून घरी नेली आहे. मुलांचं म्हणशील तर त्यांना कुणी काहीच सांगत नाही. मग ते मोबाइलवर बघतात आणि तेच खरं मानतात.

हे आपल्याच महाराष्ट्रात, जिथे रघुनाथ धोंडो कर्वे होऊन गेले. ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या विचारांपायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या एकात १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. शरीराबद्दल खरं आणि शास्त्रीय बोलणं म्हणजे अश्लीलता नव्हे, एवढ्याच एका मुद्द्यासाठी त्या माणसाने आयुष्य दिलं. तू मोठी झालीस की त्यांचं जरूर वाच.

त्याच तासाला आणखी एक सांगायला हवं, आणि ते पहिलीपासून. नकोसा स्पर्श कुणी केला, मग तो नात्यातला असो, गाडीवाला असो की शाळेतला, तर ओरडायचं, निघायचं आणि विश्वासाच्या माणसाला लगेच सांगायचं. १०९८ हा नंबर मुलांसाठीच आहे. २०१२चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलींइतकाच मुलांनाही लागू आहे, आणि ज्याला असा प्रकार कळला त्याच्यावर तो पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. घराण्याची अब्रू वगैरे मुलाच्या डोक्यावर लादायची नाही.

शाळेत आरोग्य हवं ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही. मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेला एक मुलगा पुढे बडोद्याचा राजा झाला. सयाजीराव गायकवाड. १९०६ साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि १९०९ साली बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. हिंदुस्थानातली ती पहिली शाळातपासणी मानतात. आज जे डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन तुमच्या शाळेत येतं, त्याची मुळं तिथवर जातात. सध्याचा कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला: जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची तपासणी, शाळेत वर्षातून एकदा. हृदयाला छिद्र निघालं तर शस्त्रक्रियाही मोफत होते. पण मुलं रांगेत उभी राहतात, जीभ दाखवतात आणि पळतात. पथकात बाई डॉक्टर असतात. पाळी अनियमित आहे, फळ्यावरचं दिसत नाही, कानातून पाणी येतं, झोप लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, जे असेल ते त्यांना सांगायचं. बोलायला शिकवणं हेही आरोग्यशिक्षणच.

दुसऱ्या देशांकडेही बघ. फिनलंड देशाने २००१ साली आरोग्य हा स्वतंत्र विषय केला, आणि २००७पासून तिथे शालान्त परीक्षेत त्याचा पेपर असतो. जपानच्या शाळांत आरोग्य सांभाळणारी आणि शिकवणारी वेगळी शिक्षिका असते. आपल्याकडे २०२०पासून केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक सर, यांना प्रशिक्षण देऊन आठवड्याला एक तास घ्यावा असं ठरलं आहे. अकरा विषय आहेत. त्यात आहार आहे, मनाचं आरोग्य आहे, व्यसन आहे, इंटरनेटचा सुरक्षित वापरही आहे. आराखडा चांगला आहे. त्यात मण्यार आणि बागेतली पेस्ट आपली आपण घालायची, दिल्लीला बसून ती कुणाला सुचणार नाही. बोर्डाचा पेपर मात्र मला नको वाटतो. पेपर आला की गाइड येईल, ‘कारणे द्या’ येईल आणि मुलं मण्यारीची लक्षणंही पाठ करून विसरतील. मला हवा आहे तो तास, जो ठरलेला आहे आणि होत नाही.

म्हणून तू आणि मैत्रिणींनी, दोन-तीन मुलांनाही बरोबर घेऊन, वर्गशिक्षकांकडे साधा अर्ज द्या. तक्रारीचा सूर नको. "वेळापत्रकातली आरोग्याची तासिका व्हावी आणि पुढील विषय शिकवावेत" एवढंच, आणि खाली विषय लिही. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत आईला बोलायला सांग. तुझ्या भावाच्या जिल्हा परिषद शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक असतात, तिथे बाबांनी हा मुद्दा काढावा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे, ते अंतरही त्याच बैठकीत सांगून मोजायला लावा. सरांना शिकवायला संकोच वाटत असेल तर ग्रामीण रुग्णालयातून सिस्टर येऊ शकतात. मुख्याध्यापकांची परवानगी असेल तर मीही येईन. गुडघे दुखतात, पण शाळेच्या पायऱ्या मला अजून चढवतात.

अर्जाचा कच्चा मसुदा रविवारी घेऊन ये, आपण दोघी मिळून नीट करू.

तुझी,
आजी

ता. क. — तुमच्या मळ्यात पंपाजवळ टोळीच्या प्यायच्या पाण्याचा पांढरा कॅन ठेवलेला असतो. तो आधी कशाचा होता ते बाबांना आजच विचार. औषधाचा असेल तर तीनदा धुतल्यावरसुद्धा तो पाण्याला वापरायचा नसतो. भोक पाडून बाजूला ठेवायला सांग आणि टोळीसाठी नवा माठ आणा.